बिघडलेल्या मुरघासाचं साल

त्या उन्हाळ्यात पावसानं होव्हलांच्या शेतावर मुक्काम ठोकला तो हललाच नाही. गवत कापून मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, करायचा तर मध्ये थोडे सलग कोरडे दिवस लागतात, आणि फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, त्या अंगाला ते मागूनही मिळेनात. शेवटी शेत बघणाऱ्या शूरनं ओलंच गवत कापलं, ओलंच गुंडाळलं आणि पांढऱ्या प्लास्टिकात बांधून उताराखाली रांगेनं लावून टाकलं. त्या गोल गाठोड्यांना तिकडची पोरं ट्रॅक्टरची अंडी म्हणतात. सप्टेंबरात पहिलं अंडं फोडलं ते नासकं निघालं. मुरघासाला एरवी आंबूस, जरा गोडसर वास असतो. याला ओकारीचा आणि खराब झालेल्या लोण्याचा होता. गाईंनी हुंगून माना फिरवल्या, दुधाची धार बारीक झाली. पण गोठ्यात दुसरं घालायला होतं काय? भुकेला कोंडा, निजेला धोंडा. चार दिवसांनी गाई निमूट खायला लागल्या आणि घरातली माणसं त्या वासाला निमूट सरावली.

शूर हे नाव आपल्या कानाला मोठं मर्दानी लागतं. तसा तो होताही. गाय अडली की खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवील, ट्रॅक्टर उतारावर घसरला तरी शीळ घालत बसेल. पण शाळेतून फोन आला की हा गडी फोन बायकोच्या हातात देऊन गोठ्यात पसार व्हायचा. आणि त्या शरदात शाळेचे फोन फार यायला लागले होते.

बायकोचं नाव सोलफ्रिद. शेत तिच्याच माहेरचं. शूर घरजावई म्हणून आला आणि गाईंमध्ये विरघळून गेला. त्यांची एकुलती सुन्निवा आठवीत होती. गावातली शाळा पटाअभावी बंद पडली, तेव्हापासून गावची पोरं बसनं फ्योर्डच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या शाळेत जायची. सुन्निवाचं सप्टेंबरपासून पोट दुखायला लागलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, रक्त काढून पाहिलं, काही सापडलं नाही. पोरगी पहाटे उठून न्हाणीत शिरायची ती कान लाल होईपर्यंत केस धुवायची. सोलफ्रिदला वाटायचं, वयात येतेय, आरशाचं वेड लागलंय. बटाटे काढायची म्हणून मिळणारी शरदातली सुट्टी संपली, बस खाली रस्त्यावर येऊन थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली, आणि सुन्निवा पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिली. मग रोजच तसं व्हायला लागलं.

सोलफ्रिदनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा पांघरूण ओढून काढलं आणि मागाहून स्वतःच जिन्यात बसून रडली. तिची बहीण मार्गुन बेर्गेनला राहायची. ती फोनवर म्हणाली की पोरीला शहरात पाठव, माझ्याकडे खोली रिकामी आहे, शाळा दारात आहे, नाताळानंतर घालून टाकू. सोलफ्रिद हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पोरगी एकदा बेर्गेनला गेली की सुट्टीला पाहुणी म्हणून येणार, हे तिला न सांगता कळत होतं. घरातला तेवढा एकच आवाज जाणार होता.

अशात शाळेतली समुपदेशक रेईदुन घरी येते म्हणाली. गावात तिला ‘बोलायची बाई’ म्हणत. ज्याच्या दारात तिची गाडी उभी, त्याच्या घरात काहीतरी शिजतंय असं शेजारपाजारचे धरून चालत. सोलफ्रिदनं फोनवरच तिला गाडी गोठ्यामागे लावायला सांगितली. मग दोन दिवस घर घासलं. जमिनी हिरव्या साबणानं खरडल्या, पडदे काढून धुतले, खिडक्या उघड्या टाकल्या, आणि रेईदुन आली तेव्हा टेबलावर वॉफल, आंबट साय आणि जॅम मांडून स्वतः परीक्षेला बसल्यासारखी बसली.

रेईदुन तिच्याच वयाची, जाड भिंगाचा चष्मा घातलेली, हळू बोलणारी बाई. तिनं झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. वॉफल खाल्लं, दुसरं घेतलं. मध्येच काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कॉफी प्यायली. सुन्निवा खाली आलीच नाही. जाताना रेईदुन म्हणाली की मी दर बुधवारी येत जाईन, शाळेबद्दल अवाक्षर काढणार नाही. सोलफ्रिद शूरला म्हणाली, शिकल्यासवरल्यांना काम नसलं की ते दुसऱ्याच्या घरी कॉफी प्यायला येतात.

पण बाई खरंच येत राहिली. दुसऱ्या बुधवारी सुन्निवा खाली उतरली, कारण वासरांना दूध पाजायची वेळ झाली होती आणि तेवढं काम तिनं कधी चुकवलं नव्हतं. रेईदुन तिच्यामागून गोठ्यात गेली. बोट दुधात बुडवून वासराच्या तोंडात कसं द्यायचं, ते पोरीनं तिला शिकवलं. पुढच्या बुधवारी बाई स्वतःचे गमबूट घेऊन आली. सोलफ्रिद मुरघासाची ढकलगाडी ढकलत जाता-येता बघायची. दोघी पेंढ्यावर बसलेल्या, एखादं वासरू बाईचा चष्मा चाटतंय, आणि पोरगी हसतेय. घरात पोरगी दोन शब्द बोलत नव्हती. आपल्या पोटची पोर परक्या बाईशी हसते हे पाहून सोलफ्रिदला बरंही वाटायचं आणि ती ढकलगाडी उगाच जोरानं ढकलायची.

एकदा तिनं बाईला गाडीपाशी गाठलं आणि विचारलं, काय बोलते ती?

“ते तिनं मला सांगितलंय, तुला नाही,” रेईदुन म्हणाली. “तिनं हो म्हटलं की त्या दिवशी तुला सांगीन.”

“मी आई आहे तिची.”

“म्हणूनच तर अवघड जातंय तिला.”

सोलफ्रिदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या संध्याकाळी तिनं भांडी अशी आपटली की शूर जेवण अर्धवट टाकून गाई बघायला गेला.

नोव्हेंबर सरत आला. बर्फ पडेना, नुसता गारठलेला पाऊस. एका संध्याकाळी ऐन धारेच्या वेळी रेईदुन आली, आणि तो बुधवार नव्हता. शूर पलीकडच्या बाजूला शेण ओढत होता. सोलफ्रिद एका गाईची सडं पुसून यंत्राच्या नळ्या लावत होती. बाईनं कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि न विचारता गाईंच्या पुढ्यात सांडलेला चारा मागे सारायला लागली.

“तिनं हो म्हटलं,” शेवटी रेईदुन म्हणाली.

“कोण त्रास देतं तिला? नाव सांग फक्त.”

“कोणी नाही.”

“कोणी नाही तर पोरगी घरात कुजतेय कशाला?”

रेईदुननं फावडं थांबवलं. “सोलफ्रिद, तिच्या अंगाला वास येतो. केसांना, कपड्यांना. या मुरघासाचा. वर्गातली पोरं चांगली आहेत, एक शब्द कोणी बोललेलं नाही. कोणी बोललं असतं तर सुन्निवा भांडली तरी असती.”

यंत्राची टकटक चालू होती. सोलफ्रिदनं गाईच्या अंगावर हात ठेवला, मग नळ्या काढल्या, पुढच्या गाईकडे गेली, तिची सडं पुसली. तिचे कान तापले होते. ती म्हणाली की मी या गोठ्यात जन्मले, माझी आई इथे राबली, आम्हांला कोणी कधी असं बोललं नाही.

“तेव्हा शाळा गावात होती,” रेईदुन म्हणाली. “वर्गातल्या सगळ्यांच्याच घरी गाई होत्या.”

“तीनतीनदा धुते मी तिचे कपडे.”

“माहितीये मला. तिलाही माहितीये. म्हणून तर तुला सांगवेना तिला. पोटदुखी तेवढी सांगता आली.” बाईनं फावडं भिंतीला लावलं. “पहिल्या दिवशीच मला वास आला होता. मी वॉफल खाल्लं आणि गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.”

सुन्निवा वर खोलीत कानांवर उशी दाबून पडली होती; सांगून होईपर्यंत ती खाली येणार नव्हती, असं तिनं बाईशी ठरवलं होतं. हेही रेईदुननं सांगितलं. सोलफ्रिदनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दाराशी पाइप आहे, बूट धुऊन जा, एवढंच ती म्हणाली. बाईनं बूट धुतले आणि गेली.

धारा उरकून सोलफ्रिद न्हाणीत शिरली, दार लावलं आणि स्वतःला हुंगलं. बाही, काख, केसांची बट. मग टोपलीतला सुन्निवाचा टॉवेल. साबणाशिवाय कसलाही वास नव्हता. तिनं शूरला बोलावलं आणि गळा पुढे केला.

“हुंग मला.”

शूरनं आधी जिन्याकडे पाहिलं, मग आज्ञाधारकपणे तिच्या मानेत नाक खुपसलं. “साबण,” तो म्हणाला, “आणि तू.”

“नीट हुंग.”

“नीटच हुंगलं. पुन्हा हुंगू का?”

तिनं त्याला ढकलून दिलं. एका आंधळ्यानं दुसऱ्याला वाट विचारावी, त्यातला तो प्रकार होता. नाकानं कांदे सोलणारी बाई, ती स्वतःशी म्हणाली, शहरात शिकून आली आणि आम्हांला वास मारतो म्हणते. पण राग नीट पेटेना. पोरीचे लाल कान तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मायलेकींनी त्या विषयावर अळीमिळी गुपचिळी धरली. सुन्निवा आईच्या तोंडाकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. सोलफ्रिद पोरीचे स्वेटर आणखी गरम पाण्यात धुवायला लागली. आणि मग मार्गुनचा फोन आला, की खोली रंगवून झाली, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते, नाताळाआधीच रुळू दे पोरीला. सोलफ्रिदनं फोन ठेवला, ओट्याला टेकून उभी राहिली, आणि पुन्हा फोन उचलून रेईदुनला लावला. खोटं निघालं तर काय करशील, असं तिनं नमस्कार-चमत्काराच्या आधीच विचारलं.

“तर माझ्या तोंडावर येऊन सांग,” रेईदुन म्हणाली. “पण तिथे बसून तुला कळायचं नाही. शुक्रवारी दोघी माझ्याकडे या, दोन रात्री राहा. रविवारी घरी जा आणि आपलं दार आपल्या हातानं उघड. माझ्यावर विश्वास नको ठेवूस, स्वतःच्या नाकावर ठेव.”

गाई टाकून दोन रात्री बाहेर राहायचं म्हणजे सोलफ्रिदला कपडे न घालता देवळात जाण्याइतकं अवघड होतं. सुन्निवा पोटात होती तेव्हाही ती कळा सुरू होईपर्यंत धारा काढत होती. पण शूरच म्हणाला, जा की, गाई मला ओळखतात. मग खाली बघत म्हणाला, पोरीसाठी जा.

शुक्रवारी रेईदुननं त्यांना आपल्या दारातच न्हाणीची वाट दाखवली आणि स्वतःचे कपडे काढून दिले. दोघींचे कपडे पिशवीत बांधून बाहेर गॅलरीत ठेवले. ते करताना ती लाजली, पण तिनं केलं. सोलफ्रिदला तिची विजार मांडीत घट्ट बसली आणि खाली घोट्यावर आखूड पडली. त्या वेशात तिला परक्या टेबलावर जेवायला बसावं लागलं. सुन्निवानं आईकडे पाहिलं आणि ओठ चावला, हसू आवरायला.

सोलफ्रिदला दुसऱ्या दिवशी पहाटे, धारेच्या वेळी जाग आली. हातांना काही काम नव्हतं. बोटं सुजल्यासारखी जड होऊन पडली होती. तिनं उठून रेईदुनचा ओव्हन आतून घासून काढला, मग खिडक्यांच्या चौकटी पुसल्या. रेईदुन उठली, पाहिलं आणि पुसायला आणखी एक फडकं आणून दिलं. तेवढ्यासाठी सोलफ्रिदला ती प्रथमच आवडली.

दुपारी तिघी दुकानात गेल्या. दुधाच्या कपाटापाशी सुन्निवाच्या वर्गातली एक मुलगी भेटली. मुलगी आधी जरा लांबून बोलली, मग बोलता बोलता जवळ आली, आपल्या फोनमध्ये काहीतरी दाखवायला लागली, आणि दोघींची डोकी एकमेकींना टेकली. सुन्निवा खळखळून हसली. सोलफ्रिद पिठाच्या पिशव्यांआडून बघत होती. आनंद व्हायला हवा होता, पण तिनं हातातली पिशवी उगाच परत फळीवर ठेवली. घराबाहेर काढली की पोर बरी होते. मग मार्गुनचंच खरं म्हणायचं. परतीच्या वाटेवर ती रेईदुनला तसं बोलून गेली.

“घराबाहेर काढली म्हणून नाही,” रेईदुन म्हणाली. “वासरांना दूध कोण पाजत असेल म्हणून ती काल झोपताना मला विचारत होती. गोठा सोडायचा नाहीये तिला. गोठा बसमध्ये न्यायचा नाहीये, एवढंच.”

रविवारी बाईनं त्यांना फाटकापाशी सोडलं. आत मी येत नाही, म्हणाली, हे तुमचं तुम्ही बघा. पाऊस तिरपा पडत होता. सोलफ्रिदनं पायऱ्या चढून दार उघडलं.

आधी तिला वाटलं, जमिनीखाली काहीतरी मेलंय. उंदीर असेल, मांजर असेल. तिनं हात नाकाकडे नेला आणि तो तिथेच राहिला. मग तिला कळलं. ओकारीचा, लोण्याचा, आंबलेला वास भिंतींतून, जिन्यातून, तिनं धुतलेल्या पडद्यांतून येत होता. ती त्याच्यामागे जात राहिली. स्वयंपाकघरात तो कमी होता. जिन्याखाली वाढला. बंबाच्या खोलीचं दार उघडलं तर तोंडावरच आला.

बाहेर काही वाळत नव्हतं म्हणून सप्टेंबरपासून तिनं सगळं त्या उबदार खोलीत दोऱ्या बांधून वाळत घातलं होतं. एका दोरीवर शूरचे गोठ्यातले डगले, ओले, वाफाळत. त्याला लागून सुन्निवाचे शाळेचे कपडे. तिनं स्वतः विणलेल्या निळ्या स्वेटरची बाही शूरच्या डगल्याच्या खांद्यावर पडली होती. तीनतीनदा धुवायची आणि तीनतीनदा इथेच आणून टांगायची. जेवढं धुतलं तेवढं पोरीच्या अंगाला लावून दिलं. सोलफ्रिदनं स्वेटर दोरीवरून ओढला, तोंडावर धरला आणि त्याच्यातच रडायला लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात पोरगी हा स्वेटर घालून रोज बसमध्ये चढली होती, आईनं विणला म्हणून.

सुन्निवा दारात उभी होती.

तेवढ्यात मागच्या दारानं शूर आला. गाडीचा आवाज ऐकून गोठ्यातून तसाच पळत आला होता, डगला कोपरापर्यंत माखलेला, तोंडभर हसू. दोन दिवस एकट्यानं सगळं निभावलं त्याची शाबासकी हवी होती त्याला. तो हात पसरून बायकोकडे आला.

सोलफ्रिद मागे सरकली.

तिनं ठरवून केलं नव्हतं. अंगानंच केलं, अर्धं पाऊल मागे, मान जरा वळवून. शूरचे पसरलेले हात तसेच राहिले. त्याचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. आपण आपल्या माणसाला काय केलं, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं.

“बघ,” सुन्निवा हळूच म्हणाली. “वर्गातही एवढंच करतात, आई. कोणी वाईट नाही त्यांच्यातलं.”

मग सोलफ्रिद ते अर्धं पाऊल पुढे आली, आणखी एक आली, आणि शूरच्या माखलेल्या डगल्यावर कपाळ टेकून उभी राहिली. तो विचारत राहिला, काय झालं, कोण मेलं, मी काय केलं? ती म्हणाली, काही नाही, तू घाण मारतोस. शूर म्हणाला, मग दूर हो की. ती म्हणाली, होणार नाही.

सुन्निवा भिंतीला टेकून रडत होती आणि हसतही होती. सप्टेंबरपासून ती आईसमोर दोन्हीपैकी काहीच करत नव्हती.

त्यानंतर एकच धांदल उडाली. सोलफ्रिदनं दोऱ्यांवरचे डगले कवळून बाहेर पावसात फेकले, आणि पाठोपाठ शूरला. गोठ्यातलं काही आजपासून हा उंबरठा ओलांडणार नाही, न्हाणी गोठ्यातच बांधायची, आधी अंग धुवायचं मग घर, असे हुकूम तिनं पायरीवरूनच सोडले. शूरनं थंडीत कुडकुडत डगला काढला, विजार काढली आणि लोकरीच्या लांब चड्डीवर अंगणात उभा राहिला. पोरगीही गोठ्यात येणार नाही का आता, असं त्यानं काळजीनं विचारलं. येईल, सोलफ्रिद म्हणाली, रोज येईल, तिचे गोठ्यातले कपडे गोठ्यात राहतील. शूरच्या दाढीवरून पाणी गळत होतं. एवढ्यात आत फोन वाजला.

सोलफ्रिद वळेपर्यंत सुन्निवानं तो उचलला होता. पलीकडे मार्गुन भराभरा काहीतरी सांगत होती, गाडीचं, खोलीचं, पडद्यांच्या रंगाचं. पोरीनं ऐकून घेतलं. दारातून तिला अंगणात ओली चड्डी सावरत उभा असलेला बाप दिसत होता, आणि पायरीवर त्याच्याकडे टॉवेल फेकणारी आई.

“नाही मावशी,” ती म्हणाली, “मी नाही येत. उद्या शाळा आहे.”